‘झ’विना कादंबरी

भागुराम कांबळे यांचं नाव आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे स्वतःविषयी सांगण्याच्या भरात ते राहून जाईल. तेव्हा मुक्काम काळाचौकी, आता अँटॉप हिल. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात ते हेड कंपॉझिटर होते. मी त्यांना भागूदादा म्हणायचो. ते मला ‘भालकी’ म्हणायचे, कारण मी भालकीहून आलो होतो आणि माझं नाव लक्षात ठेवावं असं मी काही केलेलं नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलंय की रोज नेमानं ठरावीक शब्द लिहायचा उत्साह आपण कुठून आणता? उत्साहाचं मला सांगता येणार नाही. माझ्याकडे भीती होती. भीतीनं हात गारठला की शेजारच्या टाइपाच्या केसवरून भागूदादांचा आवाज यायचा. एवढ्या भांडवलावर मी ‘प्रा. विलासराज’ या नावानं साठावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यातला ‘प्रा.’ मालकांचा. मी सहावी पास. सातवीच्या परीक्षेला बसलो पण निकालाला थांबलो नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. निकाल लागला होता आणि मी तो बघितलाही होता.

घरातून निघताना वडील म्हणाले, “जातूस तर जा. पर चार दिसांत परत आलास तर गाव हासंल.” आमचं गाव हसायला बसलं की दोन पिढ्या हसतं. म्हणून मुंबईत टिकायचं, एवढंच माझं ध्येय होतं. छापखान्यात कंपॉझिटरचं काम मिळालं, राहायला कागदाच्या रिमांमागची जागा मिळाली, आणि विशीतच आपलं भलं झालं असं वाटून मी थोडा निर्धास्त झालो. तिथंच फसलो.

बाहेरच्यांसाठी धंद्याचं थोडं सांगतो. तेव्हा छपाई म्हणजे प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा. समोर लाकडी केस, तिला पुष्कळ खण, एकेका खणात एकेक अक्षर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे कडा असलेली लोखंडी पट्टी. उजव्या हातानं खिळे उचलून तीत ओळ जुळवायची, तीही उलटी. सात ओळी झाल्या की स्टिक रिकामी करायची. अशी आठ पानं झाली की ती चौकटीत आवळून बांधायची. हा फर्मा. तो मशीनवर चढतो, छापून उतरतो, मग खिळे धुऊन आपापल्या खणात परत टाकायचे. म्हणजे फर्मा बांधलेला असेतो त्यातली अक्षरं अडकलेली. खण रिकामा झाला तर झाला. शिसं काही तिथल्या तिथे पिलं घालत नाही.

आता प्रकरणाचं शेवटचं पान कधीकधी चार ओळींनी कमी पडतं आणि दिसायला वाईट दिसतं. अशा वेळी मी लेखकाला न विचारता एखादं वाक्य घालायचो. निरुपद्रवी. ‘तिने चहाचा एक घोट घेतला.’ एकदा मालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, प्रुफं आणि हस्तलिखित शेजारी-शेजारी ठेवून मला बोलावलं.

“ही बाई दोन प्रकरणांत सहा वेळा चहा घेते. हस्तलिखितात एकदाही नाही. कुणी पाजला?”

“मी.”

“का?”

“पान भरत नव्हतं.”

मी वळकटी बांधायच्या तयारीत उभा. भाऊसाहेबांनी प्रुफं बाजूला सारली. त्यांचीही अडचण होती. आमचे नेहमीचे कादंबरीकार संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, आणि जाताना फक्त दोन प्रकरणं बाहेर ठेवून गेले होते. वाचनालयांना तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक कबूल केलेलं.

“बाकीची पानंही भरशील?” ते म्हणाले. “चहा न पाजता?”

असा मी लेखक झालो. नेम ठरला: रोज दोन छापील पानं, म्हणजे सहाशेच्या आसपास शब्द. “चुकलास,” भाऊसाहेब म्हणाले, “तर भालकीचं तिकीट मी स्वतः काढून देईन.” माणूस मायाळू होता. तिकीट खरंच काढून दिलं असतं.

पहिल्या दिवशी मी केसपुढे तासभर उभा.

“काय रे भालकी, खणात काय शोधतोस?”

“सुचत नाही, भागूदादा.”

“खणात अक्षरं असतात. सुचणं नसतं. किती पायजे?”

“दोन पानं.”

“दोन पानं कुणाच्या बापानं लिहिली नाहीत. स्टिक बघ केवढी हाय. सात ओळी. सात ओळींत तुझा तो नायक काय करील?”

“जिना चढेल.”

“चढव.”

मी चढवला. स्टिक भरली.

“आता?”

“दार वाजवेल.”

“वाजव. पण उघडू नको. उघडणं पुढच्या स्टिकला.”

हीच माझी सगळी विद्या. पुढे माझ्या कादंबऱ्यांतल्या ‘उत्कंठावर्धक मांडणी’बद्दल लोकांची पत्रं येत. ती मांडणी त्या लोखंडी पट्टीच्या लांबीची होती. आधी कागदावर लिहावं म्हटलं, तर भागूदादा म्हणाले, “लिहायचं नि मग जुळवायचं, म्हणजे एकच भात दोनदा शिजवायचा.” म्हणून मी कादंबरी थेट शिशात लिहायला लागलो. कागद कोरा दिसला की माणूस खिडकीबाहेर बघतो, पण हातात स्टिक असली की अंगठ्याला रग लागते आणि पुढचा शब्द उचलावाच लागतो. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर नजर भागूदादांचीच. एकदा माझी नायिका तिच्या वडिलांना म्हणाली, “तुम्ही काय करलालाव?”

“ही बॅरिस्टरची पोरगी ना?” भागूदादा म्हणाले.

“हो.”

“मग भालकीला कधी जाऊन आली?”

पंधरा दिवस बरे गेले. मग ‘झ’ संपला.

झालं असं की भागूदादा काळाचौकीच्या समितीची हँडबिलं आमच्याकडे आणायचे. भाऊसाहेब म्हणायचे, कादंबरी पोटासाठी आणि हँडबिल महाराष्ट्रासाठी, दोन्ही वेळेवर पाहिजेत. हँडबिल लवकर उरकावं म्हणून एकच मजकूर चारदा जुळवून एका कागदावर चार प्रती काढत. त्यात ‘झालाच पाहिजे’ किती वेळा येतं, हे त्या काळच्या माणसाला सांगायला नको. आणि ‘झ’ हे गरिबाचं अक्षर. ‘क’, ‘त’, ‘ल’ ढिगानं असतात. ‘झ’च्या खणात मूठभर खिळे. हँडबिल छापून झालं तरी मजकूर तसाच बांधून ठेवायचा, कारण परवा सभेसाठी पुन्हा लागणार. म्हणजे आमच्या छापखान्यातले सगळे ‘झ’ चळवळीत गेले होते, आमच्या कादंबरीकारांसारखेच.

‘झ’वाचून काय अडतं, असं वाटेल. मराठी कादंबरी लिहून बघा. काहीच ‘झालं’ असं म्हणता येत नाही. माझ्या कादंबरीत संध्याकाळ होईना, भेट होईना, कुणाचा अपमान होईना. कुणाला झोप नाही, बागेत झाड नाही. मी रडकुंडीला आलो.

“सहाशे शब्दांचं काय घेऊन बसलात भागूदादा, इथं साधी संध्याकाळ होत नाही!”

“संध्याकाळ ‘झाली’ कशाला पायजे? दिवस मावळला म्हण.”

“आणि लग्न झालं?”

“लग्न लागलं. लग्न होतं कुठं मेल्या? लागतंच ते.”

माणसांचा डोळा लागू लागला, बागेत नुसत्या झाडांऐवजी पिंपळ आणि बकुळ उभे राहिले, आणि माझं मराठी माझ्या इच्छेविरुद्ध सुधारलं. खरी पंचाईत प्रेमाची. नायकाला ‘माझी’ म्हणता येईना, नायिकेला ‘तुझा’ म्हणता येईना. दोघं बँडस्टँडवर सूर्यास्त बघत बसून एकमेकांना ‘आपला रुमाल पडला’, ‘आपली कृपा’ असं बोलायची. वरच्या मजल्यावर भाऊसाहेबांची मंडळी छापलेला एकेक फर्मा वाचायची. त्या वहिनींनी निरोप पाठवला: नायक फार खानदानी आहे, हल्लीचे लगेच तुझं-माझं करतात, मात्र शेवटी तरी तिला ‘मी तुझी’ म्हणू दे.

भाऊसाहेबांनी त्याचा हुकूमच केला. “शेवटच्या पानावर ‘मी तुझी आहे’ आलं नाही तर वाचनालयं पुस्तक तोंडावर फेकतील.”

पण त्याच आठवड्यात मोठी सभा होती, हँडबिल नवीन होतं आणि एकही ‘झ’ मोकळा नव्हता. त्यातून दोन खिळे हळूच काढावेत असा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पण त्या हँडबिलात ‘बेळगाव, कारवार, निपाणी, भालकीसह’ अशी ओळ होती आणि ती मीच जुळवलेली. आमची भालकी म्हैसूर राज्यात घातली होती. तिच्या ओळीखालचा ‘झ’ काढून बॅरिस्टरच्या मुलीला द्यायचा, हे माझ्यानं होईना. हातही चालेना. दोन दिवसांत एक पान झालं नाही. भाऊसाहेबांनी सांगितलं: उद्या पाचला शेवटचा फर्मा मशीनवर, नाहीतर परवा तू गाडीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागूदादांनी डोक्याला गुंडाळलेला मोठा रुमाल सोडला.

“लालबागला माझ्या मेव्हण्याच्या छापखान्यात हाच टाइप हाय. दोन तासांत ‘झ’ घेऊन येतो. तवर उलटे खिळे लाव नि पुढं चल. थांबलास तर याद राख.”

उलटा खिळा म्हणजे काय तेही सांगतो. एखादं अक्षर नसलं की त्या जागी दुसरा कुठलाही खिळा पाय वर करून बसवतात. प्रुफात तिथं काळा ठोकळा उमटतो. मागून खरं अक्षर आलं की तो काढून हे घालायचं. जागा धरून ठेवायची, एवढंच.

मी लागलो. आणि काय सांगू, ‘झ’ येणार म्हटल्यावर तीन आठवड्यांचा उपाशी माणूस पंगतीत बसावा तसं माझं झालं. नायिका एकदा ‘मी तुझी’ म्हणून थांबेना. तुझी, माझं, तुझ्या, माझ्या. झोप उडाली, झाडं डोलली, झरे झुळझुळले. मुंबईत झरा कुठला, हे बघायला वेळ नव्हता. दोन दिवसांची चुकलेली पानंही त्याच झपाट्यात भरली. साडेचारला ‘समाप्त’ जुळवलं तेव्हा फर्म्यात जिकडेतिकडे उलटे खिळे होते आणि भागूदादांचा पत्ता नव्हता.

पाच वाजले. भाऊसाहेब बाईंडरकडे गेलेले. आमच्याकडे रीत अशी की भागूदादांनी तपासून फर्म्याच्या चौकटीवर खडूनं ‘भा’ लिहिल्याशिवाय मशीनमन हात लावत नसे. तो दारात आला.

“भा कुठाय?”

“येतील इतक्यात.”

“माणूस नाय विचारत. फर्म्यावरचा भा. मशीन रिकामी हाय. मालकाला काय सांगू?”

मी एक मिनिट मागितलं. फर्म्याच्या पलीकडच्या बाजूला गेलो, खडू घेतला आणि ‘भा’ काढला. भालकीचाही ‘भा’च असतो, असं मी मनाला सांगितलं. मनाला ते लगेच पटलं. मन म्हणजे फार सोयीचं यंत्र आहे.

साडेसहाला भागूदादा आले. रुमालाची गाठ तशीच, तोंडावर हसू.

“अरे, लालबागच्या नाक्यावर हवालदारानं धरला. बंदोबस्त होता ना. म्हणाला, रुमालात काय? म्हटलं, झ. ‘काय?’ म्हटलं, झ, झबल्यातला. म्हणाला, चेष्टा करतोस? शिसं दिसतंय, गोळ्या ओततोस काय? म्हटलं, गोळ्या असत्या तर एवढी नक्षी कशाला काढली असती? झालं, नेला चौकीवर. तिथं जमादार. खिळा डोळ्याशी धरून म्हणतो, ही भाषा कुठली? म्हटलं, मराठीच, उलटी हाय. मग शिक्क्याची शाई आणली नि कागदावर एकेक उमटवून बघितला. झ. झ. झ. तीस झ! जमादार म्हणतो, नुसता झ घेऊन माणूस काय करतो? म्हटलं, साहेब, एका पोरीला पाचच्या आत ‘मी तुझी’ म्हणायचंय.”

“मग सोडलं?”

“कसला सोडतो! म्हणाला, कुठली पोरगी, कुणाला म्हणायचंय? पहिल्या प्रकरणापासून सगळी गोष्ट सांगायला लागली. मध्येच उठू देईनात. दार वाजलं म्हटलं की, आत कोण होतं ते सांगूनच जा! तुझ्या स्टिकनं घात केला, मेल्या.”

हसता हसता त्यांची नजर सुकत घातलेल्या कागदांवर गेली. त्यांनी एक उचलला. ‘मी तु■ आहे. हे प्राण मा■ नाहीत, तु■ आहेत.’ सबंध पान गोवर आल्यासारखं. मग ते मशीनपाशी गेले आणि चौकटीवरचं खडूचं अक्षर बघत उभे राहिले.

“माझ्या ‘भा’चा काना एवढा लांब नसतो,” ते म्हणाले. पुन्हा छापायला कागद नव्हता आणि दिवसही नव्हता. त्यांनी गाठ सोडली आणि तीसही ‘झ’ आमच्या खणात ओतले.

पुस्तक वाचनालयांत गेलं. आठ दिवसांत दादरच्या एका निवृत्त हेडमास्तरांचं पत्र आलं: ‘प्राध्यापक म्हणवणाऱ्या गृहस्थांनी जे शब्द काळे केले आहेत, ते कोणते असतील हे कुलीन वाचकास कळते. मी पत्नीच्या हातून पुस्तक काढून घेतले असून दोनदा वाचले आहे.’ पाठोपाठ तीन वाचनालयांनी प्रती परत केल्या. भाऊसाहेब पत्र फडकावत खाली आले.

“फर्मा मशीनवर कुणी दिला?”

मशीनमन म्हणाला, “भा होता.”

भाऊसाहेब भागूदादांकडे वळले. भागूदादांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला भालकीचं स्टेशन दिसत होतं, आणि फलाटावर हसायला उभा असलेला सगळा गाव.

“मी दिला,” भागूदादा म्हणाले. “घाईत नजर चुकली.”

भाऊसाहेबांनी त्यांना त्याच दिवशी काढलं. मी तोंड उघडलं नाही. मी स्टिक हातात घेतली आणि दुसऱ्या कादंबरीच्या ओळी जुळवत राहिलो. त्या दिवशी माझी दोन पानं अगदी वेळेवर झाली.

पुढचा आठवडा निराळाच निघाला. परत आलेल्या एका प्रतीत कुणा वाचकानं सगळे ठोकळे पेन्सिलीनं भरले होते, आणि त्यातले शब्द मी इथं लिहिले तर हा अंकही परत येईल. बातमी पसरली. गिरगावपासून परळपर्यंत वाचनालयं तीच ‘ठोकळ्यांची’ कादंबरी मागू लागली. ‘झ’ घालून दुरुस्त केलेली दुसरी आवृत्ती काढली, ती मात्र कुणी घेईना. भाऊसाहेबांचा राग विरघळला आणि भागूदादांना परत बोलवायला त्यांनी नेमकं मलाच काळाचौकीला पाठवलं.

भागूदादा चाळीच्या गॅलरीत पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, “आजची दोन पानं झाली?”

“नाही, अजून...”

“मग इथं काय करतोस? जा. मी मेव्हण्याकडं लागलो. बायकोच्या भावाची चाकरी, पण तिकडं झ भरपूर हाय.”

त्यांच्या बायकोनं मला खाली बसवून भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. मी खाल्ली. मला तेव्हाही बोलता आलं असतं. तोंड भरलेलं होतं.

महाराष्ट्र झाला, भालकी मात्र तिकडेच राहिली. मी मुंबईत राहिलो, लग्न लागलं, ‘प्रा. विलासराज’ यांना सत्काराला बोलावणी येऊ लागली आणि दर वेळी मी तब्येतीचं कारण सांगत आलो.

गेल्या महिन्यात अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत गेलो होतो. भागूदादा तिथं मुलाकडे असतात. ऐंशी उलटली, डोळ्यांनी कमी दिसतं, जीभ मात्र शाबूत. “जयभीम, भालकी,” म्हणाले, “अजून जिने चढवतोस काय लोकांना?” मुलगा सरकारी कचेरीत आहे, सभ्य, नीटनेटका. चहा देताना तो हसत म्हणाला, “काका, बाबांनी एकदा ठोकळ्यांनी भरलेलं पुस्तक छापून टाकलं होतं, तुम्हाला आठवत असेल. त्यात नोकरी गेली त्यांची. म्हणून मी कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तीनदा वाचतो. आमच्या घरात ती म्हणच झालीय, ‘बाबांचा फर्मा करू नको’ अशी.”

नातवंडंसुद्धा हसली. भागूदादांनी बशीतला चहा फुंकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घाईत होतं असं माणसाचं.”

आणि मी, साठावर कादंबऱ्यांचा लेखक, पुन्हा गप्प बसलो. बसस्टॉपवर आल्यावर मला काय बोलायला हवं होतं ते सगळं सुचलं, स्वल्पविरामांसकट.

म्हणून हे लिहिलंय. फर्मा मी दिला, खडू माझ्या हातात होता. पण अंकात छापणं म्हणजे समोर बसून सांगणं नव्हे, एवढं माझ्यासारख्या भित्र्यालाही कळतं. भागूदादा, अंक हातात पडला की त्या रविवारी मी येईन. तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवीन. मुलाला, सुनेला, नातवंडांना समोर बसवून, मोठ्यानं. ‘मी दिला’ हे वाक्य आलं की थांबेन आणि त्यांच्याकडे बघेन. चहा त्यानंतर घेईन, दिला तर.